दांड्यावरचा पटका

शनिवारचा अर्धा दिवस भरला, दोनचा भोंगा झाला, आणि प्रेस शॉपचा फोरमन देवाप्पा याने टाइम ऑफिसातल्या चंद्रकांतच्या अशी कानफटात भडकावली की त्याचा चष्मा उडून पत्र्याच्या कातरणांत जाऊन पडला. एरवी त्या शेडमध्ये शेजारी उभा राहून माणूस बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. पण यंत्रं नुकतीच थांबली होती, आणि तो आवाज पार ऑफिसापर्यंत गेला. चंद्रकांत काही उनाड पोर नव्हे. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, गरीब गाय. त्याने केलं होतं काय, तर गंमत. खुंटीवरचा देवाप्पाचा पटका काढून त्याने मोठ्या प्रेसच्या हातचाकाला अडकवला आणि म्हणाला, "अण्णा, आता हे मशीन कुणी चालवायचं नाही बघा. तुमच्या नीरगुंडीचा नियम!" सगळे हसले. देवाप्पाही हसेल असंच सगळ्यांना वाटलं. तो एक पाऊल पुढे आला आणि त्याने मारलं. एकदा मारून थांबला असता तरी एक वेळ रागाच्या खात्यावर गेलं असतं. दुसऱ्या फटक्याला चंद्रकांतचा ओठ फुटला, आणि तिसऱ्यांदा उचललेला हात चौघांनी धरला म्हणून राहिला.

कामगारांच्या क्लबचा सेक्रेटरी विश्वेश्वर धावत आला. देवाप्पाशी कुणी कधी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. अठरा वर्षांची नोकरी, एक दिवस उशीर नाही, एक बोट कुणाचं त्याच्या शेडमध्ये कापलं गेलं नाही. त्या कारखान्यात ही गोष्ट नवलाची होती. विश्वेश्वर नुसता म्हणाला, "देवाप्पाअण्णा, हे काय केलंत? सहा वाजता क्लबात या, चंद्रकांतपुढे हात जोडा आणि मिटवा. सोमवारी हे साहेबाकडे गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही." देवाप्पाने मान हलवली. लोक पांगले. तो प्रेसपाशी गेला. हातचाकावर पटका लोंबत होता, त्याचाच, बायकोने, गंगव्वाने, काल धुऊन दिलेला. त्याने हात पुढे केला. हात पटक्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि काही केल्या पुढे जाईना. शेवटी तो पटका तसाच टाकून, उघड्या डोक्याने, अठरा वर्षांत पहिल्यांदा, फाटकाबाहेर पडला. दरवानाने सलाम करायचा विसरून नुसतं बघितलं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे ती सहल. दसऱ्याला जोडून तीन दिवस मोकळे मिळत होते, आणि क्लबाने ठरवलं होतं की यंदा म्हैसूर नको, श्रवणबेळगोळ नको, यंदा कामगारांनी कामगारांची जागा बघायची. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी नीरगुंडी म्हणून गाव आहे. तिथे एका गोऱ्या साहेबाने फार वर्षांपूर्वी नदीचं पाणी पाटाने वळवून, चार पुरुष उंचीच्या लाकडी चाकावर सोडून, त्या चाकावर कापडाची गिरणी चालवली होती. वीज आली आणि ती गिरणी मेली. आता सरकारला तिचा कळवळा आला होता. पडक्या भिंती साफ करून तिथे बाग केली होती, गुलाब लावले होते, चाकाला हिरवा रंग दिला होता. दर रविवारी चार वाजता पाणी सोडून ते चाक पाहुण्यांना फिरवून दाखवत. सहलीची गाडी, मुक्काम, जेवण, सगळं ठरवायला विश्वेश्वरने देवाप्पालाच पुढे घातला होता, कारण देवाप्पा मूळचा नीरगुंडीचा. त्या गिरणीतच हाडं कडक झालेला. महिनाभर तो टाळत होता. पाय दुखतो म्हणाला, रस्ता वाईट आहे म्हणाला, नदीला पूर येतो म्हणाला. दसऱ्याला कसला पूर! लोकांना वाटलं, म्हातारपणाचा आळस.

आणि काल त्या बागेचा माहितीचा छापील कागद आला. चंद्रकांतने तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की चाकाच्या खड्ड्यात साफसफाईला जो उतरे तो आपल्या डोक्याचा पटका वर पाण्याच्या दाराच्या दांड्याला बांधून जाई. पटका दिसला की दाराला हात लावायचा नाही. ज्याचा पटका, त्यानेच वर येऊन सोडायचा; मालकाचीही त्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. मग पुढची ओळ. सन छत्तीस साली एक कामगार पटका बांधायला विसरला, पाणी सुटलं, आणि तो चाकात सापडून मेला. 'निष्काळजीपणाचे फळ' असं त्या ओळीच्या डोक्यावर जाड अक्षरात छापलं होतं, आणि तीच पाटी करून बागेत खड्ड्याच्या कठड्याला लावली होती. चंद्रकांत म्हणाला, "काय मूर्ख माणूस असेल!" देवाप्पा ताकाचा ग्लास हातात धरून बसला होता. त्याने तो हळूच खाली ठेवला.

मूर्ख माणसाचं नाव कल्लाप्पा. गंगव्वाचा थोरला भाऊ.

श्रीरामपुरातल्या घरापर्यंत बस होती, पण देवाप्पा चालत निघाला. ऊन डोक्यावर थेट पडत होतं आणि केसांच्या मुळांशी आग होत होती. टाळू इतकी कोवळी असते हे तो विसरून गेला होता. उजवा तळहात अजून चुरचुरत होता. वाटेत एका गल्लीत चिंच फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या, दगडावर दगड, ठक ठक, आणि त्याच्या मनात आलं, आत्ता यांच्यातला एक दगड उचलावा आणि समोर दिसेल त्याच्या डोक्यात घालावा. कुणाच्या? कुणाच्याही. सायकलवाल्याच्या, पानवाल्याच्या, त्या शाळेतून येणाऱ्या मास्तराच्या. असं त्याला अधूनमधून होई. ते कुणाला कळत नसे, कारण तो हात मागे बांधून चालायचा, आणि लोक म्हणायचे, काय सोशिक माणूस. सोशिक कसला डोंबलाचा! हात मोकळे सोडले तर काय करतील याची त्याला धास्ती होती, इतकंच.

कल्लाप्पाने त्याला मारलं होतं ते असं हाताने नव्हे. गिरणीच्या शाफ्टवरून तुटलेला चामड्याचा पट्टा असतो, चार बोटं रुंद, तेल पिऊन जड झालेला, त्याने. देवाप्पा तेव्हा बावीस वर्षांचा, पाण्याच्या दारावर नेमलेला. कल्लाप्पा चाकाचा मिस्त्री, तीस-बत्तीसचा, रेड्यासारखा ताकदवान आणि तसाच तापट. गंगव्वा नदीच्या पायऱ्यांवर धुणं धुवायला येई. देवाप्पा तिच्याशी चार शब्द बोलला होता. खरोखर चारच, पाचवा बोलायच्या आत कुणीतरी जाऊन भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना कल्लाप्पाने त्याला गिरणीच्या चौकात मानेला धरून वाकवला आणि तीनशे माणसांच्या देखत अकरा पट्टे ओढले. प्रत्येक पट्ट्याला विचारायचा, "बहीण कुणाची?" आणि देवाप्पाने म्हणायचं, "तुमची, मालक." अकराव्याला त्याने ते रडत म्हटलं. तीनशे माणसांतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे फार वेळा वाटलं. ते नुसते बघत उभे होते आणि मग घरोघर भाकरी खायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारावर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. ओढला की खपली निघायची. पाटात पाणी तुडुंब, दार बंद, आणि दाराच्या दांड्याला तांबडा पटका. अवेळी काहीतरी अडकलं असणार चाकात, फांदी नाहीतर मेलेलं जनावर. पटका कुणाचा हे बघायची गरज नव्हती. तसा तांबडा पटका त्या गिरणीत एकच होता. वरच्या मजल्याच्या खिडकीतून परसू मुकादम ओरडला, "देवाप्पा, झोपलास काय रे? माग थांबल्यात! पाणी सोड!" त्या खिडकीतून दार दिसत नाही, दांडा दिसत नाही. परसूचा काही दोष नव्हता. माग थांबले की तो रोजच ओरडायचा. 'मिस्त्री खाली हाय,' एवढं ओरडून सांगायचं होतं. तीन शब्द. देवाप्पाने दांड्यावरचा पटका काढला, भिंतीतल्या खुंटीला अडकवला आणि दांडा फिरवायला घेतला. पहिला फेरा. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. सहावा. सातवा.

यापुढे तो कधी जात नसे. सत्तावीस वर्षांत ही सकाळ त्याने हजारदा पुन्हा पाहिली होती, अंघोळ करताना, बसमध्ये, प्रेसच्या दणक्यादणक्याला, लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना. पण दरवेळी सातव्या फेऱ्याला तो आठवण बंद करी, नळ बंद करावा तशी. पुढे एकदम लोक धावताहेत तिथून सुरू. खड्ड्यातलं पाणी, त्याचा रंग. चाक उलटं फिरवून काढावं लागलं ते. खांद्यापासून निघालेला हात वेगळा, घोंगडीत. आणि परसू मुकादम साहेबापुढे सांगतोय, "साहेब, पटका खुंटीवर हुता. मी स्वतः बघितला. मिस्त्री बांधायला इसरला." तीनशे माणसांनी खुंटीवरचा पटका बघितला. झालं, निकाल लागला. आणि मग देवाप्पाने काय केलं? ज्या घरातला कर्ता गेला त्या घरी तो पाणी भरू लागला, लाकडं फोडू लागला. वर्षाने त्या घरच्या म्हातारीने स्वतः होऊन त्याच्या हातात मुलीचा हात दिला. गाव म्हणालं, बघा, मार खाल्ला तरी मनात ठेवलं नाही, माणूस असावा तर असा. लग्नात बायकांनी गंगव्वाला नाव घ्यायचा फार आग्रह केला. भावाचं सुतक मनातून गेलं नाही म्हणत तिने नाव घेतलं नाही, आणि पुढेही कधी घेतलं नाही.

घरी दार उघडंच होतं. दोन खोल्यांचं घर, पुढे पायरी, रस्त्यावरच उघडणारं एकच दार. आत गंगव्वा जमिनीवर मांड घालून बसली होती आणि तिच्याभोवती सहलीचं सामान पसरलं होतं. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, आंब्याच्या लोणच्याची बरणी तोंडाला फडकं बांधून. सहल ठरल्यापासून ही बाई वीस वर्षांनी लहान झाली होती. जायचं म्हणून क्लबात नाव तिनेच नोंदवायला लावलं होतं. तिने मान वर केली आणि तिचे हात थांबले.

"पटका कुठं टाकून आलासा?"

"राहिला."

"राहिला? तुमचा?" ती उठली. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरी रेघ होती, केस न उगवणारी. पंधरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिने ट्रंक रिकामी करून कपडे उन्हाला टाकले होते आणि दोरीवर मधोमध तो तांबडा पटका. कामावरून आलेल्या देवाप्पाने पाण्याचा तांब्या फेकून मारला होता. मग स्वतःच तिला घेऊन दवाखान्यात धावला होता, वाटभर रडत. तिने डॉक्टरला सांगितलं, पायरीवर पडले. त्यानंतर तो पटका त्याच्या नजरेला पडला नव्हता. "काय झालंय? तोंड का असं झालंय?"

त्याने सांगितलं. चंद्रकांतला मारलं, सहाला क्लबात जायचं, माफी मागायची. का मारलं, एवढं सोडून सगळं सांगितलं. पण तिला तो कागद ठाऊक होता. विश्वेश्वरच्या बायकोने तिला वाचून दाखवला होता. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला वाटलं, हा माणूस आपल्या भावासाठी भांडला. कल्लाप्पाची चेष्टा याला सोसवली नाही. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि देवाप्पाला वाटलं, हिने आत्ता मला वरवंट्याने ठेचलं असतं तर बरं झालं असतं.

"बसा," ती म्हणाली. "तुमास्नी एक दावायचं हाय. तिथं गेल्यावर दावणार हुते, पण आताच दावते."

तिने ट्रंक उघडली. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तांबडा पटका काढला आणि त्याच्यासमोर जमिनीवर उलगडला. रंग विटून विटेसारखा झाला होता. त्याच्या एका टोकाला गाठ होती. घट्ट, आडगाठ, आणि तिच्यामागे मनगट जाईल एवढा फास, तसाच्या तसा. फासाच्या आतल्या अंगाला काळ्या वंगणाचा गोल डाग.

"आईने ही गाठ सोडू दिली न्हाई. मरताना माझ्याकडं दिली. म्हणाली, सोडू नको, धुऊ नको. आता तुमीच सांगा, खुंटीवर पटका टांगायला गाठ कशाला लागती? हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझ्या अण्णानं बांधला हुता. दांड्यालाच बांधला हुता, ह्यो बघा वंगणाचा डाग. कुणीतरी न सोडता, फासासकट वरनं उपसून काढला आणि खुंटीला लावला. आणि वर म्हणं, इसरला!"

देवाप्पा गाठीकडे बघत राहिला. कल्लाप्पाची गाठ. ती तेव्हा सुटली नव्हती. त्याने घाईने फास वर सरकवून काढला होता, दांडा तिरका करून. सासू गेल्यापासून इतकी वर्षं ती या ट्रंकेत होती आणि ही ट्रंक त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तो या गाठीशेजारी झोपला होता, जेवला होता, मूल वाढवलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण याला खवखवलं ते नुसतं पटक्याच्या रंगाने, गाठ त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"परसू मुकादम," गंगव्वा म्हणाली. तिचा आवाज आता निराळाच झाला होता, खाली, खरखरीत. "जित्ता हाय. त्या बागेत तोच फिरवून दावतो लोकास्नी. खुंटीवर बघितला म्हणून कोण बोललं? तोच. पाणी सोड म्हणून कोण वरडलं? तोच. मी काय करणार सांगू? चार वाजता लोक जमत्यात न्हवं चाक बघायला, तवा सगळ्यांच्या म्होरं त्याच्या नरड्यात ह्यो फास घालणार. म्हातारा असला तर असूदे. माझा अण्णा बत्तीस वर्सांचा हुता. वढत न्हेणार त्याला कठड्यापतूर आणि ती पाटी त्याच्याकडनं नखांनी खरवडून काढायला लावणार. आणि न्हाई काढली तर ढकलून देणार खाली. देवाशप्पत सांगते, ढकलणार." तिचे दोन्ही हात तो फास ताणून धरत होते. मनगटावरच्या शिरा वर आल्या होत्या. ही बाई करील, हे देवाप्पाला दिसलं. लोणच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, आणि खाली एक म्हातारा मरून पडलेला. "तुमी नुसतं माझ्या शेजारी उभं ऱ्हावा. तुमी तवा दारावर हुतासा, पटका दिसला असता तर तुमी पाणी सोडलंच नसतं. तुमी साक्षीदार. एवढंच म्हणायचं, माझा मेहुणा पटका बांधल्याबिगर कधी उतरत नव्हता."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, म्हातारं झालं ते. किंवा नुसतं हो म्हणाला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. परसू आधीच ऐंशीचा, त्याच्या नावावर आणखी एक पाप चढलं तर काय फरक पडला असता? देवाप्पाच्या मनात हे आलं नाही असं नाही. एका क्षणात सगळं येऊन गेलं. आणि त्याच क्षणी त्याला तो वर खिडकीत उभा असलेला, कानामागे विडी खोचलेला परसू दिसला, बिचारा मागांच्या काळजीने ओरडणारा, आणि हातचाकावर पटका टांगून हसणारा चंद्रकांत दिसला, आणि त्याला कळलं की आता आणखी एक निरपराध माणूस मारायची ताकद आपल्यात उरलेली नाही.

"परसूनं न्हाई काढला," तो म्हणाला. "मी काढला."

गंगव्वाला ते लगेच कळलं नाही. ती म्हणाली, "काय?"

"पटका. मी काढला. अण्णा खाली हाय हे मला ठावं हुतं."

बाहेर रस्त्यावरून कुंभाराची गाढवं गेली, घंटा वाजत. मग गंगव्वाने विचारलं, आणि इतकं साधं विचारलं की जणू भाकऱ्या किती करू म्हणून विचारते आहे: "दार उघडायला किती फेरे लागत्यात?"

"चाळीस."

"चाळीस." ती म्हणाली. "म्हंजे एकदा हात लावला आणि झालं, असं न्हवं."

"न्हवं."

"अण्णा वरडला काय?"

सातवा फेरा. नळ बंद. गंगव्वा पुढे झाली, तिने फास त्याच्या मनगटात घातला आणि खस्सकन ओढला, कातडी सोलवटली. "वरडला काय, सांग! तू वर हुतास. तो खाली हुता. वरडला काय?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली.

"आठव्या फेऱ्याला," देवाप्पा म्हणाला. "पाणी अंगावर आलं असंल. देवाप्पा म्हणून हाक मारली. मग अकराव्याला. मग पंधराव्याला. तीनदा. शिव्या न्हाई दिल्या. नुसतं नाव. पंधराव्याला म्हणाला, देवाप्पा, ओ दे की रे."

"आणि चाक कवा हाललं?"

"इसाव्या फेऱ्याला."

गंगव्वाने हिशोब केला. तिचे ओठ हलले. पंधरापासून वीसपर्यंत पाच. आठपासून वीसपर्यंत बारा. बारा फेऱ्यांत माणूस थांबू शकतो, वळू शकतो, पाणी पिऊ शकतो, देवाचं नाव घेऊ शकतो. तिने फास सोडला. देवाप्पाला वाटलं, आता ही मारेल. कोपऱ्यात मुसळ होतं, चुलीपाशी विळी होती, आणि तो मनातल्या मनात मान पुढे करून बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती उठली, पुढच्या दाराशी गेली, दार ओढून घेतलं, आतून कडी घातली, आणि कल्लाप्पाच्या पटक्याचा फास त्या कडीला अडकवला. मग येऊन लोणच्याच्या बरणीशेजारी भिंतीला टेकून बसली, गुडघे पोटाशी घेऊन. नदीच्या पायरीवर बसायची तशी.

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. सहा वाजायला आले असतील, क्लबात लोक जमले असतील, सतरंजी घातली असेल. देवाप्पा उठला. दोन पावलं दाराकडे गेला. कडीवर तांबडा पटका लोंबत होता, आणि त्याला ठाऊक होतं की तो काढणं कठीण नाही. फास वर सरकवायचा, कडी तिरकी करायची. त्याच्या हाताला ती युक्ती येत होती. तो उभाच राहिला. नोकरी गेली तर गेली. ज्याचा पटका, त्यानेच येऊन सोडायचा.

पायरीवर चपला वाजल्या. दारावर थाप पडली.

"देवाप्पाअण्णा!" चंद्रकांतचा आवाज. सुजलेल्या ओठांतून शब्द जड येत होते. "अण्णा, बागिलु तेगीरी. दार उघडा. तुमचा पटका मशीनवरच राहिला होता, तो आणलाय. मीच मूर्खपणा केला अण्णा, परवागिल्ल, चालायचंच, मी काही मनात ठेवलं नाही. क्लबात सगळे वाट बघताहेत."

देवाप्पा कडीपासून हातभर अंतरावर होता. त्याच्या सोललेल्या मनगटावर रक्ताचे थेंब आले होते.

"देवाप्पाअण्णा!" पुन्हा थाप. "आत आहात ना? काकू आहेत ना? बरं आहे ना सगळं?"

गंगव्वाने मान वर केली. ती दाराकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत दया नव्हती, रागही नव्हता. ती मोजत होती. देवाप्पाला ते कळलं. ही दुसरी हाक झाली.

"देवाप्पाअण्णा," चंद्रकांत तिसऱ्यांदा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज घाबरला होता. "अहो, ओ तरी द्या."

"ओ," देवाप्पा म्हणाला.

त्याने पटक्याला हात लावला नाही. दाराला कपाळ टेकलं, आणि लाकडाच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "चंद्रकांत, दार उघडणार नाही. तू तिथंच बस पायरीवर. विश्वेश्वरला बोलाव, सगळ्यांना बोलाव. त्या कागदात लिहिलंय ना, तो माणूस विसरला म्हणून? तो विसरला नव्हता. त्याचं नाव कल्लाप्पा." मागे गंगव्वाचा श्वास ऐकू येत होता. पायरीवर चंद्रकांत बसल्याचा आवाज झाला, आणि देवाप्पा पहिल्या फेऱ्यापासून सांगू लागला.